कागदाचा वास

सावळपुरात संध्याकाळी रस्त्यात कुणी भेटलं तर "कुठं निघालात?" असं विचारायची सोय राहिली नव्हती. सगळे एकाच ठिकाणी निघालेले असत. "वासाला चाललोय," असं म्हणत, अगदी "बाजाराला चाललोय" म्हणावं इतक्या सहज. काखेत सतरंजीची घडी, म्हाताऱ्यांच्या डोक्याला मफलर, आणि दिवस कलता कलता गावाच्या उत्तरेला, कचरा डेपोच्या बांधावर, माणसं ओळीनं येऊन बसत.

होय, कचरा डेपोच्याच. ज्या डेपोवरून जाताना याच मंडळींनी अर्धं आयुष्य नाकाला रुमाल लावला, त्याच्यासमोर आता ती मान वर करून, डोळे मिटून बसायची. समोर टेकडी. गावाने दोन पिढ्या फेकलेल्या पिशव्या, पुड्या, बाटल्या, चपला आणि तुटक्या बादल्यांची. तिच्या अंगावर पांढुरकी, ओलसर, किंचित सुरकुतलेली चादर पसरलेली होती. तिला गाव 'साय' म्हणायचं. प्रयोगशाळेत तिला लांबलचक नाव होतं, पण तापवलेल्या दुधावर धरते तशीच ती दिसायची, त्यामुळे त्या नावाच्या वाटेला कुणी गेलं नाही.

सूर्य टेकला की गार झुळूक उतारावरून खाली सरके आणि बांधावर कुजबुज सुरू होई.

"आंब्याचं लोणचं! फोडणीसकट!"

"गप रे, निलगिरी हाय."

"दोन्ही हाय. माझ्या मामीच्या घरात दोन्ही यायचं."

मग सगळे गप्प होत. कुणाला डांबरगोळ्यांचा वास आला की आजोळचं कपाट उघडे, कुणाला पावडरचा वास आला की लग्नाआधीची बहीण आरशासमोर उभी राही. एखादा रांगडा गडी शेजाऱ्याकडे पाठ करून डोळे पुसायचा आणि शेजारी ते न दिसल्यासारखं करायचा. अंधार पडेपर्यंत सगळं गाव असं अर्धवट झोपेत असल्यासारखं बसून राहायचं.

बांधाच्या टोकाला, पिंपरणीच्या झाडाखालच्या दगडावर, आदगोंडा मगदूम बसत. वय ऐंशीला टेकलेलं, पांढरी टोपी, काठी. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणे. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा जैन घराण्याचा नेम, त्यामुळे ते जेवूनखाऊन, चूळ भरून, इतरांच्या आधी येऊन बसलेले असायचे. झुळूक आली की नाक पुढं करत, बराच वेळ थांबत, आणि मग मान हलवत.

"न्हाई. ही न्हाई."

त्यांची मुलगी त्रिशला हे रोज लांबून बघायची. टेकडीवर साय तिनेच पसरली होती, आणि आण्णा कुणाची वाट बघतात हेही तिला चांगलं ठाऊक होतं.

आण्णा तिच्या आईची, राजमतीची, वाट बघत होते.

*

त्रिशला मगदूम पन्नाशीची होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिने उमेदीची वर्षं घालवली ती एकाच कोड्यापाठी. पॉलिथिन कुजत का नाही? ते म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. इतकी गुळगुळीत आणि एकसारखी, की जीवजंतूंना तोंड घालायला कुठं कोपराच सापडत नाही. एका जुन्या डेपोखालच्या काळ्या पाण्यात तिला एक जीवाणू भेटला. तो त्या साखळीला मधेच ऑक्सिजनचा एक कण चिकटवायचा आणि मग तेवढा खडबडीतपणा धरून कुरतडायला लागायचा. त्रिशलाने त्याला सोबती जीवाणू दिले, टेकडीच्या उष्णतेची सवय लावली, आणि त्यांची चादर विणली. चादर वरून एकेक थर खात खाली जाई. मागे पाणी, थोडा वायू आणि स्वतःची वाढलेली साय एवढंच उरे.

वासाचं मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं तर असायला हवं होतं. लोणच्याचा प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी वास सोडत नाही, हे कुठलीही गृहिणी सांगेल. पॉलिथिनला तेलकट गोष्टींचा लोभ. अत्तर, मसाला, केसांचं तेल, मलम, जे जे तेलात विरघळतं ते त्याच्या साखळ्यांमध्ये शिरतं आणि तिथंच घर करतं. वर टनावारी कचऱ्याचं दडपण असेल, हवा नसेल, तर तीस-तीस वर्षं बसून राहतं. साय ती साखळी सोडवते आणि आतला पाहुणा मोकळा होतो. दिवसा तापलेली हवा त्याला वर घेऊन जाते. संध्याकाळी उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि त्याला अलगद खाली, बांधावर आणून सोडते.

"म्हणजे तुझी साय पिशवी खातीया आणि वासाचा ढेकर देतीया," आण्णांनी एका वाक्यात सगळं शास्त्र गुंडाळलं होतं.

आण्णांना प्लास्टिकचं शास्त्र कुणी शिकवायची गरज नव्हती. गावच्या पेठेमागे त्यांचा पिशव्यांचा कारखाना होता. प्लास्टिकचा पांढरा दाणा वितळायचा, त्याचा लांबडा फुगा छतापर्यंत चढायचा, वर चपटा होऊन रुळावर गुंडाळायचा, आणि मग कापून सीलिंग मशीनवर त्याच्या पिशव्या व्हायच्या. आण्णा त्याला प्लास्टिक कधी म्हणालेच नाहीत. "कागद" म्हणायचे. कागदाचा धंदा, कागदाचा कारखाना. पिशवीच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत बायकोचं नाव छापलेलं असे: राजमती. बंदी आली आणि कारखाना बंद झाला, पण टेकडीच्या पोटात ते नाव किती लाख वेळा पुरलेलं होतं, ते टेकडीलाच माहीत.

राजमती त्याच्याही आधी गेली होती, तीन दिवसांच्या तापात. तेव्हा आण्णांना तिची एक वस्तूही बघवेना. लुगडी, फणी, तेलाची बाटली, सगळं त्यांनी तिच्याच नावाच्या पिशव्यांत भरलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं. त्यामुळे ती आता इथंच कुठंतरी खाली होती, आणि साय एकेक थर उतरत तिच्याकडे निघाली होती.

"ती जेवायला यायची ती न्हाऊनच," आण्णा सांगत. "ओले केस, शिकेकाई, त्यावर खोबरेल. तुझी आई कधी पारोशी जेवायला बसली न्हाई. तो वास आला की मी वळखीन बघ. सगळं गाव इथं बसलेलं असू दे, मी वळखीन."

*

टेकडीचं काय करायचं हा वाद सावळपुरात फार जुना. जाळायची म्हटली तर भट्टी हवी, भट्टीला चिमणी, चिमणीला गाळण्या, आणि शेवटी उरलेली राख पुन्हा कुठंतरी पुरायचीच. दुसरीकडे नेऊन पुरायची म्हटली तर कुठलं गाव जागा देणार? शिवाय डेपोखालून ओढ्यात झिरपणारं काळं पाणी सगळ्यांनी पाहिलेलं. राहता राहिला तिसरा उपाय, मुळात वापरच कमी करायचा. आणि नवल म्हणजे सावळपुराने तो खरोखर केला. बायका दुकानात डबे घेऊन जाऊ लागल्या, दूध किटलीतून येऊ लागलं, बाजारात कापडी पिशवी विसरलेला माणूस सदऱ्याच्या ओच्यात वांगी घेऊन घरी येऊ लागला. पंधरा वर्षांत गावातून नवी पिशवी जवळजवळ नाहीशी झाली. त्रिशलाला सायीपेक्षा याचाच अभिमान जास्त वाटे.

म्हणून त्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी नवी कोरी पिशवी दिसली तेव्हा तिला आधी वाटलं, वाऱ्याने आली असेल. तिने ओढली, तर मातीतून आणखी एक निघाली. तिच्याखाली आणखी. जाड, दुहेरी शिवण मारलेल्या, घट्ट बंद. एकीत पुरुषाचा सदरा होता, एकीत नऊवारी, एकीत तपकिरीची डबी.

चौकशी केली तेव्हा कळलं की पेठेत या पिशव्या राजरोस मिळत होत्या. 'वासपिशवी' म्हणून मागायची. कुणीतरी कुठूनतरी सीलिंग मशीन पैदा केलं होतं. घरात कुणी गेलं की अस्थी नदीत आणि पिशवी डेपोवर, अशी नवी रीत पडली होती. मुलगी सासरी निघाली की तिची ओढणी. गाव सोडताना घरातल्या पडद्याचा तुकडा. पुढच्यांनी कधीतरी बांधावर बसावं आणि आपण त्यांना यावं, एवढीच इच्छा. लोकांचा काही दुष्टावा नव्हता, आणि त्रिशलाला रागवायला जागाच सापडेना.

ती पायथ्याशी उभी होती तेवढ्यात बेकरीवाल्यांची सून, मयूरी, कडेवर तान्हं पोर घेऊन आली. दुसऱ्या हातात पिशवी. त्रिशलाला बघून चपापली, पण लपवली नाही.

"काय आहे गं?"

"ह्याचं टोपडं हाय, मॅडम. न धुतलेलं." मयूरीने पोराच्या जावळावर हनुवटी टेकवली. "सासूबाई म्हणाल्या, ठीवून यी डेपोत. पोरं काय, बघता बघता मोठी हुत्यात. हा वास मग कुठनं आणायचा?"

"अगं, पोर कडेवर आहे तुझ्या. त्याचा वास घे की आत्ता."

मयूरी हसली. "तो काय, रोजच येतोय."

दुधाचा आंबूस वास पॉलिथिन धरून ठेवत नाही, तीस वर्षांनी वर आलाच तर पिशवीवरच्या शाईचा वास येईल, हे तिला सांगता आलं असतं. पण पोर पिशवीचा कोपरा तोंडात घालायला धडपडत होतं, आई पिशवी त्याच्यापासून लांब धरत होती, आणि त्या ओढाताणीत पोराचं आईला काही सांगायचं राहून जातंय असं त्रिशलाला उगीचच वाटलं. ती बाजूला झाली. मयूरीने पायाने माती उकरली, टोपडं पुरलं आणि पोराला पाठीवर थोपटत निघून गेली.

*

"वरून तुमची साय खातीय आणि खालून गाव टेकडी वाढवतंय," नगरपालिकेच्या मुख्याधिकारी फरीदा शिकलगार म्हणाल्या. त्यांच्या टेबलाशेजारी जप्त केलेलं सीलिंग मशीन ठेवलेलं होतं, शिवणयंत्राएवढं, पायपट्टीचं. "पंधरा वर्षं आपण काय केलं मग? टेकडीवर नुसती ताडपत्री घालता येत नाही का? वास बाहेरच यायला नको."

"सायीला हवा लागते, मॅडम. आणि घातली होती की मागच्या महिन्यात. लोकांनीच भोकं पाडली."

शिकलगारांनी खुर्ची मागे सरकवली. "एक भोक माझ्या भावाने पाडलंय. आमच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. ट्यूबला लावायच्या सोल्युशनचा वास आला त्या दिवशी, तर मीच बांधावर रडत बसले होते. खोटं कशाला बोलू?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शेजारच्या जिल्ह्यातली भट्टी आपली टेकडी घ्यायला तयार आहे. सोमवारी सभा. तुमचं मत लेखी द्या. तुम्ही लिहाल तेच होईल, कारण दुसऱ्या कुणालाच स्वतःच्या तोंडाने टेकडी बंद करायची नाहीये."

त्रिशला मान हलवून उठली. दारात पोचल्यावर तिला आठवलं की मागच्या आठवड्यात टेकडीत नमुन्यासाठी खोल घातलेल्या पाइपातून पिशवीचा एक तुकडा वर आला होता, आणि त्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांतला 'रा' होता. साय अजून एक पावसाळा खाली उतरली की आईचा थर लागणार होता.

घरी आण्णा ताट घेऊन तिची वाट बघत बसले होते. उन्हं अजून अंगणात होती. जेवता जेवता तिने सगळं सांगितलं. आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तो तसाच धरून ठेवला.

"तुझी साय जित्ती हाय का न्हाई?"

"आहे."

"मग टेकडी जाळायची म्हंजे ती बी जळणार. कोट्यानं जीव. आपल्यात चालतंय हे? बस्तीत पंडितांना इचारलंस?"

त्रिशलाला हसू आलं. उभ्या आयुष्यात आण्णांनी देवळातल्या पंडितांना काही विचारलं नव्हतं. "थोडी बाटलीत काढून ठेवीन, आण्णा. वंश नाही बुडवत तिचा."

आण्णा हसले नाहीत. तुकडा ताटात ठेवून म्हणाले, "चेहरा आठवतोय गं तिचा. पण फोटूतला. हलत न्हाई, बोलत न्हाई. बाकीच्यांची माणसं रोज यिऊन भेटत्यात आणि मी एकटाच दगडावर बसून परत येतोय. एकच पावसाळा थांब. एकदा तिचा वास यिऊ दे, मग काय जाळायचं ते जाळ."

आण्णांनी तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. तिच्या फीसाठी त्यांनी कारखान्याची अर्धी जागा विकली तेव्हाही नाही, आणि ती पुण्याला गेली, लग्न न करता राहिली, तेव्हाही नाही. एक पावसाळा लांबवणं तिला अगदी सोपं होतं. 'आणखी निरीक्षणाची गरज आहे' एवढं लिहिलं की झालं. असल्या वाक्याला कुणी शास्त्रज्ञ नाही म्हणत नाही. पण त्या एका पावसाळ्यात गाव पिशवीशिवाय जगायची सवय पुरती विसरलं असतं, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

*

मग तिने एक मधली वाट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाइपाच्या बाजूने यंत्राने खोल चर मारून घेतला. लाल अक्षरांच्या पिशव्यांचा ढिगारा निघाला. दोन माणसं दिवसभर त्या उपसत होती. बहुतेक रिकाम्या, काहींत भुशाचे गोळे. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी एका पिशवीत फणी सापडली. शिंगाची, दोन दात तुटलेली. खाली चिकटून काळं पडलेलं लुगडं, आणि झाकण गेलेली तेलाची बाटली.

फणी त्रिशलाने ओळखली.

तिने ती पिशवी तशीच काचेच्या बरणीत घातली, वर सायीचा तुकडा पसरला, बरणी उबेत ठेवली. सायीला अशा उबेत जोर चढतो. जे टेकडीवर महिन्यांत होतं ते दिवसावर येतं. शनिवारी ती आण्णांना डेपोशेजारच्या आपल्या छोट्या प्रयोगशाळेत घेऊन आली. त्यांनी टोपी नीट केली, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. पाहुणी यायची असल्यासारखे ते खुर्चीत ताठ बसले.

तिने झाकण उघडलं.

शिकेकाईच होती. मंद, किंचित कडवट, तिच्यामागून खोबरेल. त्रिशलाला ती स्पष्ट आली. आण्णांनी बरणीवर वाकून डोळे मिटले. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती एकदाची सुरू होऊन गेली.

"तेल हाय," आण्णा शेवटी म्हणाले. "शिकेकाई हाय. पर ही कुणाचीबी असंल."

"आण्णा, फणी बघा. आईचीच पिशवी आहे ही."

"फणी तिची हाय. ही ती न्हाई." त्यांनी बरणी बाजूला सारली. "दुसरी पिशवी असंल बघ. मी लई पिशव्या भरल्या होत्या. अजून खाली असंल. थांब तू. थांब जरा."

घरी जाताना त्रिशलाने त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण पकडलाही नाही. त्या संध्याकाळी ते पुन्हा जाऊन दगडावर बसले, आणि आता ते आयुष्यभर बसतील हे तिला कळून चुकलं. टेकडी आहे तोवर दुसरी पिशवी आहे. मयूरीला जे कडेवर होतं तेच पिशवीत हवं होतं. आण्णांना जे कशातच नव्हतं ते पिशवीत हवं होतं. दोघांनाही टेकडी 'थांब' म्हणत होती आणि दोघंही थांबले होते.

सोमवारी सकाळी तिने मत लिहिलं. जाळणं चांगलं म्हणून नव्हे, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिलं. भट्टीच्या धुरावर गावाचं लक्ष हवं, राख बंदिस्त पुरायला हवी, आणि हे एकदाच. पुन्हा जाळावं लागेल इतकं साठू द्यायचं नाही. पण जी टेकडी गावाला पुन्हा पिशव्या करायला लावते ती ठेवण्यात अर्थ नाही. सही करताना तिला वडलांचं तोंड दिसत होतं. ती रडली नाही. सही मात्र दोनदा करावी लागली, पहिली ओळखू येण्यासारखी नव्हती.

दुपारी सभा झाली, अर्ध्या तासात उरकली. कुणी हात वर केला, कुणी खाली बघत वर केला.

*

सभेनंतर शिकलगारांनी जप्त मशीन तिच्याकडे सोपवलं. पिशव्यांची जाडी मोजून अहवाल द्यायचा होता. त्रिशलाने ते प्रयोगशाळेत टेबलावर मांडलं, तारेला जोडलेली पायपट्टी खाली सोडली, वीज लावली, पेठेतल्या पुरवठ्यातली एक कोरी पिशवी तापलेल्या पट्टीखाली सरकवली आणि सवय नसलेल्या पायाने पायपट्टी दाबली.

पट्टी टेकली. पिशवीची कड वितळली, आणि एक पांढरी, इवलीशी वाफ वर आली.

ती खुर्चीत बसली की पडली तिला कळलं नाही. ती सहा-सात वर्षांची होती, कारखान्यात पिशव्यांच्या ढिगावर झोपलेली, खालचा ढीग अजून उबदार. मेणासारखा, गोडसर, घशाला किंचित खरवडणारा वास. पायपट्टीचा ठक्क, ठक्क आवाज. मग कुणीतरी तिला उचलून छातीशी घेतलं आणि तो वास एकदम जवळ आला. पदराला, मानेला, बोटांना. आई. सकाळपासून चार वाजेपर्यंत सीलिंग मशीनवर बसणारी आई. शिकेकाई तर संध्याकाळपुरती असायची.

शास्त्रज्ञ त्रिशलाला पुढचं कळायला क्षणही लागला नाही. हा वास पिशवीत शिरलेला नसतो; तो पिशवीचाच, साखळी तापून तुटली की येणारा. साय साखळी थंडपणे खाते, तापवत नाही. टेकडी सगळ्या गावाच्या बायका परत आणून देऊ शकत होती, फक्त राजमती नाही. आण्णा अजून शंभर पावसाळे दगडावर बसले असते तरी नाही.

तिने शिकलगारांना फोन केला. "मशीन आजच्या दिवस घरी नेऊ का?"

"जप्तीचा माल आहे तो."

"उद्या परत आणते."

"बरं, न्या," शिकलगार म्हणाल्या. त्यांनी कारण विचारलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा अंगणातली उन्हं भिंतीवर चढली होती. आण्णांनी दोन ताटं वाढून ठेवली होती. सभेचं त्यांना कळलं होतं. सावळपुरात काय लपतंय. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"जेवून घे. दिवस मावळंल."

"आण्णा, जरा थांबा."

तिने मशीन ताटांच्या शेजारी, जमिनीवरच ठेवलं. आण्णा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात आपोआप पुढे झाला आणि मशीनवरची धूळ बोटाने पुसली. त्रिशलाने वीज लावली आणि पिशवी सरकवली. आत टोपडं नव्हतं, लुगडं नव्हतं, काहीच नव्हतं. रिकामी पिशवी. तिने पायपट्टी दाबली.

ठक्क.

वाफ आली आणि विरली. आण्णांचा हात मशीनच्या कडेवर तसाच राहिला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते मशीनच्या मागे, रिकाम्या जागेकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"ह्यो," ते म्हणाले. मग खूप वेळाने, "रोज म्हणायचो तिला. कारखान्यातनं आली की दारातच. जा, आधी आंघूळ कर, कागदाचा वास येतोय अंगाला."

त्रिशलाने पुन्हा पायपट्टी दाबायला पाय उचलला. आण्णांनी मान हलवली. आता गरज नव्हती. बाहेर लोक सतरंज्या घेऊन टेकडीकडे निघाले होते, शेवटच्या काही दिवसांचं जितकं मिळेल तितकं घ्यायला. त्यांच्या पावलांचा आवाज अंगणापलीकडून गेला. आण्णांनी स्वतःच्या ताटाशेजारी थोडं सरकून जागा केली.

"आज ऱ्हाऊ दे आंघूळ, राजमती," ते म्हणाले. "दिवस मावळंल. ये, जेवायला बस."